'बाहेरून' शिकणाऱ्यांचा वर्ग कुठे भरतो?

आपल्या मोहल्ल्यात एखादी मुलगी सध्या काय करते असं विचारलं, की ठरलेलं उत्तर येतं, "बी.ए. करतेय ना, बाहेरून." मनोरपासून चिंचणीपर्यंत हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यातली गंमत टोचायला लागली आहे. 'बाहेरून' शिकणारी ही मुलगी असते घराच्या आत. सकाळचा स्वयंपाक उरकून, धाकट्या भावाला शाळेत सोडून, अम्मीच्या औषधांच्या वेळा सांभाळून उरलेल्या तासाभरात ती पुस्तक उघडते. बाहेर असतं ते विद्यापीठ. तिच्या घराच्या, तिच्या गावाच्या, बऱ्याचदा तिच्या तालुक्याच्याही बाहेर.

या जुन्या व्यवस्थेला आता 'ब्लेंडेड लर्निंग' हे नवं नाव मिळालंय. मराठीत मिश्र अध्ययन म्हणतात. काही शिकणं समोरासमोर, काही पडद्यावर, आणि दोन्ही मिळून एक अभ्यासक्रम, अशी ती कल्पना. कल्पनेशी माझं भांडण नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की दूरशिक्षणात या नावाखाली जे चाललंय त्यात मिश्रण कुठेच नाही. समोरासमोरचा भाग गुपचूप काढून टाकलाय आणि उरलेल्या पडद्याला मिश्र म्हटलं जातंय. नुसत्या पाण्याला सरबत म्हणून विकावं, तसा हा प्रकार.

आधी कागद काय सांगतो ते बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, मे २०२१ मध्ये मिश्र अध्ययनावर एक टिपण काढलं. त्यात प्रस्ताव होता की कॉलेजांनी अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवावा, बाकी ६० टक्के वर्गात. हे नियमित कॉलेजातल्या मुलांसाठी. म्हणजे ज्याच्याकडे वर्ग आहे, बाक आहे, ग्रंथालय आहे, कँटीन आहे, जिन्यात गाठून शंका विचारता येईल असे सर आहेत, त्याच्यासाठीसुद्धा आयोगाला निम्म्याहून जास्त शिकवणं माणसाच्या तोंडून व्हायला हवं असं वाटलं. आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्या डिस्टन्सच्या विद्यार्थ्यासाठी? २०२० च्या दूरशिक्षणाच्या विनियमांत अभ्यास केंद्र आहे, समुपदेशन आहे, स्वयं-अध्ययनाचं साहित्य आहे. एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास, हा हिशोबही आहे. बोईसरच्या मुलापर्यंत पोहोचताना यातलं उरतं काय, तर पीडीएफ, यूट्यूबची लिंक आणि एक व्हॉट्सअॅप ग्रुप, ज्यात फक्त अॅडमिनला लिहिता येतं.

हे सगळं नवीन तंत्रज्ञानामुळे नाइलाजाने झालं असं कोणी सांगत असेल तर त्यांना इतिहास दाखवायला हवा. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झालं. टीव्ही आणि रेडिओवरून शिकवणारं विद्यापीठ म्हणून त्याचं नाव झालं, पण त्याचा कणा होता गावोगावचे शिक्षक-मार्गदर्शक आणि उन्हाळी शिबिरं. मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं १९७१ मध्ये. तेच पुढे 'आयडॉल' झालं आणि आता त्याला दूर व ऑनलाइन शिक्षण केंद्र म्हणतात. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आलं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. पण ती गंगा घरोघरी नेण्यासाठी विद्यापीठाने गावोगावच्या कॉलेजांत अभ्यास केंद्रं काढली आणि संपर्क सत्रं ठेवली. टपालाच्या जमान्यातल्या लोकांना एवढं कळत होतं की पुस्तक पाठवून शिक्षण संपत नाही, कुणीतरी समोर बसून "हे समजलं का?" असं विचारावं लागतं. म्हणजे मिश्र अध्ययन तेव्हाही होतं, फक्त त्याला तेव्हा नाव नव्हतं.

हा प्रश्न आपला का, हे सांगायला दोन आकडे पुरे आहेत. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये देशात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षणात होते. कोविडच्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, ते १९.२२ लाखांवर आले. एकूण विद्यार्थ्यांत आपला वाटा ४.६ टक्के, लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेप्रमाणे १४.२ टक्के. आणि त्याच वर्षी, त्याच अहवालात, दूरशिक्षणातली देशाची एकूण पटसंख्या सुमारे ७ टक्क्यांनी वाढून ४५.७१ लाख झाली. आपले गळालेले सगळे तिकडे गेले असं मी म्हणत नाही, तसं आकडे सांगत नाहीत. पण नियमित कॉलेजचा दरवाजा ज्याच्यासाठी बंद होतो त्याच्यापुढे उघडा असतो तो हाच दुसरा दरवाजा, आणि तो दिवसेंदिवस रुंद होतोय. तर मग त्याच्या आत काय आहे हे बघणं आपलं काम आहे. पुढे संख्या पुन्हा वाढली, त्यावर आपल्या लोकांनी पोस्टरंही केली. वाढलेल्यांपैकी किती जण पदवीपर्यंत पोहोचले, हे कुठल्याच पोस्टरवर नव्हतं.

आता बोईसरला या. माझ्या मामूंचा मुलगा तारापूर एमआयडीसीत एका रसायन कारखान्यात ऑपरेटर आहे आणि बी.कॉम. करतोय, बाहेरून. त्याची पाळी दर आठवड्याला फिरते. एक आठवडा सकाळी सात ते तीन, एक आठवडा तीन ते अकरा, एक आठवडा नाईट. त्याच्या विद्यापीठाचं (नाव घेत नाही) ऑनलाइन लेक्चर रविवारी सकाळी दहाला. नाईट करून आलेला माणूस रविवारी सकाळी दहाला झोपलेला असतो. सेकंड पाळीच्या आठवड्यात तो जागा असतो, पण घरात तेव्हा सगळेच असतात आणि खोली एकच. महिन्यातून एखादा रविवार जमतो. रेकॉर्डिंग बघता येतं, हे खरं. तो रात्री एक वाजता कानात इअरफोन घालून बघतोही, आणि ही सोय पत्राने शिकणाऱ्यांना कधीच नव्हती, हेही मान्य. पण अकाउंट्समध्ये घसाऱ्याचं गणित अडलं की रेकॉर्डिंगला विचारता येत नाही. तो मला फोन करतो. मी इंजिनियर, मला घसारा कुठून येणार?

विद्यापीठात जाऊन विचार, असं सांगणं सोपं आहे. बोईसर चर्चगेटपासून शंभरेक किलोमीटर. डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये आली, त्याचा आनंद आम्ही साजरा केला, पण विरारच्या पुढे गाड्या मोजक्याच. कालिन्याला जाऊन यायचं म्हणजे पूर्ण दिवस आणि एका दिवसाचा पगार. विक्रमगड, जव्हार, मोखाड्याच्या मुलांना तर आधी स्टेशनच गाठावं लागतं. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला, जिल्हाधिकारी जवळ आले. विद्यापीठ होतं तिथेच राहिलं. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून इथे तारापूरला आहे, वाढवणला ७६ हजार कोटींचं बंदर मंजूर झालंय, आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं एक स्टेशन चक्क बोईसरला होतंय. त्या गाडीचं मुंबईतलं टोक वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे कालिन्याच्या जवळपास दारातच. बी.कॉम.च्या शंकेसाठी बुलेट ट्रेनचं तिकीट परवडणारा विद्यार्थी मात्र मला अजून भेटायचाय.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे शिक्षणाची पोर्टल्स बघताना माझा जीव वेगळ्या कारणानेही जळतो. ती कोणासाठी बनवली आहेत हे पहिल्याच पडद्यावर कळतं. नोंदणीला मोबाईल नंबर मागतात आणि गृहीत धरतात की तो नंबर विद्यार्थ्याच्या हातात आहे. आपल्या किती घरांत मुलीचा फॉर्म अब्बांच्या नंबरवर भरला जातो? ओटीपी येतो तेव्हा अब्बा कारखान्याच्या गेटच्या आत, फोन लॉकरमध्ये. दहा मिनिटांत ओटीपी मरतो. मुलगी संध्याकाळपर्यंत थांबते, संध्याकाळी सर्व्हर डाऊन. हे मी कल्पनेने लिहीत नाही, माझ्या शेजारच्या घरात एका परीक्षा फॉर्मसाठी हे तीन दिवस चाललं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या ३३ टक्के स्त्रियांनी आणि ५७ टक्के पुरुषांनी आयुष्यात कधी तरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. तेव्हापासून फोन वाढले, मान्य. पण घरात फोन असणं आणि तो मुलीच्या हातात दोन तास असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं, व्हिडिओ. तासाभराचा बऱ्या दर्जाचा व्हिडिओ ३००-४०० एमबी सहज खातो. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर घरातले चौघे अवलंबून असतील तर एक लेक्चर म्हणजे घरात भांडण. तेच लेक्चर फक्त आवाजात, ३२ केबीपीएसने दिलं तर तासाचे १४ एमबी होतात. सोबत चार पानी टिपण द्या. शिफ्टवाला बसमध्ये ऐकेल, मुलगी पोळ्या लाटताना ऐकेल. हे करायला कुठलं मोठं संशोधन लागत नाही, एका दुपारचं काम आहे. होत नाही, कारण पोर्टल बनवणाऱ्याला कोणी सांगितलंच नाही की त्याचा वापरणारा कालिन्यात वायफायखाली बसलेला नाही. आणि त्या पीडीएफ! छापील पानं तिरकी स्कॅन करून चढवलेली. त्यात शब्द शोधता येत नाही, ज्याला दिसत नाही त्याला ती फोनकडून वाचून घेता येत नाहीत, छोट्या पडद्यावर ओळ उजवीकडे पळते. मराठी मजकूर युनिकोडमध्ये टाका, एवढी साधी मागणी २०२० नंतरही करावी लागते.

घाईघाईने डिजिटल झालं की किंमत कोण मोजतं, हे मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना वेगळं सांगायला नको. २०१७ मध्ये उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं ठरलं, तयारी अपुरी होती, निकाल महिनोन्‌महिने रखडले, राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही हुकली आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावं लागलं. ऑक्टोबर २०२० मध्ये आयडॉलच्या अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा सुरू असताना यंत्रणा कोलमडली, सायबर हल्ला झाल्याचं विद्यापीठाने सांगितलं, पेपर पुढे गेले. नियमित विद्यार्थी अशा वेळी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन निदान आरडाओरडा करतो. बाहेरून शिकणारा कोणाच्या दारात ओरडणार?

इथवर सरकार आणि विद्यापीठं. आता जरा घरात बघू, कारण ही व्यवस्था आपल्यालाही सोयीची पडली आहे. मुलगी बारावी झाली, कॉलेज पालघरला, जायला-यायला ट्रेन, काळ वाईट. मग बाहेरून करू दे. शिक्षण थांबवलं असं कोणी म्हणणार नाही आणि बायोडेटावर 'बी.ए. सुरू' असं लिहिताही येतं. दोन वर्षांनी लग्न ठरतं, तिसऱ्या वर्षाचा फॉर्म राहून जातो. कोणी मनाई केलेली नसते. नुसतं राहून जातं. मला या 'राहून जाण्या'चा मनाईपेक्षा जास्त राग येतो. मनाईशी भांडता तरी येतं.

काही जण मला सांगतील की पडद्यामुळे निदान घरात तरी ज्ञान पोहोचलं, तू त्यातही खोट काढतोस. मी खोट काढतो, कारण पदवी म्हणजे फक्त धडे नसतात. आपल्यापेक्षा वेगळ्या घरातल्या मुलीशेजारी बसणं, सरांचं म्हणणं पटलं नाही तर हात वर करणं, एकटीने स्टेशन ओलांडणं, हे सगळं त्यात येतं. मुलाला हे कॉलेजात फुकट मिळतं. मुलीला घरी बसून पदवी मिळाली तर त्यातलं फक्त कागदाचं पान मिळतं. म्हणूनच दूरशिक्षणातला समोरासमोरचा भाग तिच्यासाठी चैन नाही. तो कापला तर सगळ्यात जास्त नुकसान तिचंच होतं, आणि तो कापल्याचं सगळ्यात कमी दुःख तिच्या घरच्यांना होतं.

खरं केंद्र नसलं की रिकाम्या जागेत एजंट शिरतो. बोईसर स्टेशनबाहेरच्या भिंतींवर 'घरबसल्या डिग्री', 'वन सिटिंग' अशा जाहिराती कोणी वाचल्या नसतील तर सांगा. यूजीसी दरवर्षी बनावट विद्यापीठांची यादी काढते. तिच्यात महाराष्ट्रातलं एक नाव वर्षानुवर्षं आहे, नागपूरचं राजा अरेबिक युनिव्हर्सिटी. नावातल्या 'अरेबिक'ला भुलून कोण जात असेल हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. प्रवेश घेण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या वर्षीच्या मान्यतेची यादी बघायची, विद्यापीठ आणि अभ्यासक्रम दोन्ही त्यात आहेत का ते बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे. खुद्द आयडॉलची मान्यता २०१८ मध्ये अडकली होती, नंतर मिळाली. म्हणजे मोठं नाव असलं तरी बघायचंच.

आणि समजा, एवढं सगळं पार करून मुलाने पदवी मिळवली. यूजीसी सांगते की मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. २०२० च्या विनियमांत आहे, सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. तरीही माझ्या क्षेत्रातल्या नोकरीच्या जाहिरातीत बारीक अक्षरांत ओळ असते, 'फक्त पूर्णवेळ पदवीधर'. पूर्वी मी जिथे मुलाखती घ्यायचो तिथे अर्ज गाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तशी खूणच होती. 'डिस्टन्स' दिसलं की अर्ज माणसापर्यंत पोहोचतच नसे. पाळी करून शिकलेल्या मुलाला नापास करायला त्याची मुलाखतही कोणी घेतली नाही. आपल्यातले जे आज कंपन्यांत टीम लीड आहेत, मॅनेजर आहेत, त्यांनी समाजासाठी काही करायचंच असेल तर ही एक खूण काढायला लावावी. देणगी नंतर द्या.

देणगीचं निघालंच आहे तर बोलून टाकतो. दर जूनमध्ये आपल्या जमाती गुणवंतांचा सत्कार करतात. मंडप, बॅनर, प्रमुख पाहुणे, शाल, आणि पुढल्या वर्षी माळ्यावर जाणारी ट्रॉफी. त्या एका संध्याकाळच्या खर्चात वर्षभर एक खोली चालते. बोईसरमध्ये खोल्या कमी नाहीत. शादीखाना लग्नाच्या दिवसांखेरीज रिकामा असतो, मदरशाचा हॉल सकाळच्या सबकानंतर असरपर्यंत रिकामा असतो, उर्दू शाळा पाचनंतर बंद असते. तिथे सहा टेबलं, एक प्रिंटर, आणि एक छोटा संगणक, ज्यात सगळी लेक्चरं आधीच उतरवून ठेवलेली असतील आणि मुलं आपल्या फोनवर डेटा न जाळता घेतील. चार-पाच हजारांच्या रास्पबेरी पायवर हे चालतं, बसवून द्यायला मी तयार आहे. आठवड्यातून दोनदा एक खरा शिक्षक, मानधन देऊन. फुकट येणारा तिसऱ्या आठवड्यात येत नाही, हा आपला अनुभव आहे.

वेळापत्रक मात्र विद्यापीठाच्या सोयीने करायचं नाही. पाळी फिरते, म्हणून तोच तास आठवड्यात दोनदा घ्यावा लागेल, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी, म्हणजे सात-तीनवाल्याला आणि तीन-अकरावाल्याला दोघांनाही जमेल. बायकांसाठी अकरा ते एक, मुलं शाळेत असतात तेव्हा. उर्दू माध्यमातून आलेल्यांना पहिलं वर्ष मराठी-इंग्रजी पुस्तकं जड जातात, त्यांच्यासाठी वेगळा आधार लागेल. ज्यांना उर्दूतच करायचंय त्यांच्यासाठी हैदराबादचं मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ आहे, १९९८ मध्ये त्याची सुरुवातच दूरशिक्षणाने झाली. आणि ही खोली फक्त आपल्यांसाठी ठेवायची नाही. शेजारच्या पाड्यावरच्या वारली मुलाची अडचण शब्दाशब्दाने हीच आहे. त्याच्याकडे रेंजही नाही.

पण जमातीने खोली दिली म्हणून विद्यापीठाची सुटका होत नाही. खाजगी शिकवणी काढून आपण त्यांचं कर्तव्य आपल्या डोक्यावर घेऊ नये. फी विद्यापीठ घेतं, तेव्हा शिक्षक, अधिकृत अभ्यास केंद्र आणि परीक्षा केंद्र देणं त्याचं काम. म्हणून पत्रात मागायच्या गोष्टी थोड्याच ठेवल्या आहेत. बोईसर-पालघर भागात समोरासमोरचे तास किती, कोणत्या वारी, कोणत्या जागी, हे प्रवेशाआधी जाहीर करा. ऑनलाइनचा वाटा ४० टक्क्यांच्या वर नेणार असाल तर नियमित विद्यार्थ्याला जे देता ते आम्हाला का नाही, याचं लेखी कारण द्या. प्रत्येक लेक्चर आवाजाच्या छोट्या फाइलमध्ये आणि टिपण युनिकोडमध्ये द्या. परीक्षा केंद्र तालुक्यात द्या. आणि प्रवेश घेतलेल्यांपैकी तिसऱ्या वर्षापर्यंत किती पोहोचले, मुली किती, हा आकडा दरवर्षी जिल्हावार छापा.

पत्राचा मसुदा तयार आहे, मराठीत आणि उर्दूत. सह्या मोहल्ल्यातल्या मुलींपासून सुरू करतोय, कारण त्यांच्या वतीने आजवर सगळ्यांनी सह्या केल्यात. बोईसर, पालघर, मनोर, तारापूर-चिंचणी आणि डहाणू, प्रत्येक ठिकाणी एक जण लागेल, आणि तिथल्या हॉलची चावी कोणाकडे असते ते माहीत असलेला.